गाणे कुणाचे, परवाना कुणाचा?

भीमजयंतीला आठवडा उरला असताना आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश येऊन पडला. उद्यापासून फेसबुकचा नवा नियम लागू होणार, तुमचे फोटो आणि व्हिडिओ कंपनीच्या मालकीचे होणार, म्हणून ‘मी परवानगी देत नाही’ असा मजकूर आपापल्या खात्यावर चिकटवा, असा त्याचा आशय होता. दोन दिवसांत तो तालुक्यातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरला. शिक्षकांनी पाठवला, ग्रामपंचायत सदस्यांनी पाठवला, आमच्यातल्याही काहींनी पाठवला. एका ज्येष्ठ उपासकांनी तर सुचवले की, विहाराच्या युट्यूब चॅनलवरचे जयंतीचे, वर्षावासाचे आणि गायन पार्टीचे सगळे व्हिडिओ काढून टाकावेत. “आपल्या बापजाद्यांची गाणी अमेरिकेतल्या कंपनीला फुकट कशाला द्यायची?” असा त्यांचा प्रश्न होता.

हा संदेश खोटा आहे, हे सांगून मोकळे होता आले असते. या जातीचे संदेश २०१२ पासून जगभर फिरत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मेटा एआय’चे नाव घालून त्याची नवी आवृत्ती आली आणि नामवंत लोकांनीही ती आपल्या खात्यावर चिकटवली. त्याचा कायदेशीर उपयोग शून्य आहे. दोघांत झालेला करार एकाने भिंतीवर कागद चिकटवल्याने बदलत नाही. खाते उघडताना आपण ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवले, तोच करार.

पण संदेश खोटा असला तरी त्या उपासकांचा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून आम्ही पाच-सहा जण दोन रविवार विहारात बसलो, युट्यूब आणि फेसबुकच्या अटी काढल्या आणि एकेक वाक्य मराठीत करून वाचले. त्यातून जे कळले, ते समाजबांधवांपुढे ठेवत आहोत. कंपनीवर संशय घेत आम्ही वाचायला बसलो होतो. वाचून उठलो तेव्हा अर्धा संशय आमच्यावरच आला होता.

अटींमध्ये नेमके काय लिहिले आहे?

सर्वात आधी एक गोष्ट स्पष्ट करू. या सेवा तुमच्या फोटोची किंवा व्हिडिओची मालकी घेत नाहीत. मालकी तुमचीच राहील, असे त्यांच्या अटींमध्ये लिहिलेले आहे. त्या मागतात तो परवाना, ज्याला आपण लायसन्स म्हणतो. शेताची मालकी विकणे आणि शेत वहितीला देणे यात जो फरक आहे, तोच मालकी आणि परवाना यांत आहे.

हा परवाना कसा आहे? तो जगभर चालणारा आहे. तो एकट्या कंपनीपुरता नाही, म्हणजे तोच व्हिडिओ तुम्ही आणखी कुणालाही देऊ शकता. त्याचा मोबदला मिळत नाही. कंपनी तो दुसऱ्याच्या हाती सोपवू शकते आणि पुढे पोट-परवानाही देऊ शकते. त्या परवान्यात प्रत काढणे, वाटणे, रूप बदलणे, दाखवणे हे सगळे येते. हे वाचल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल. आमच्याही आला.

पण इतके सगळे लागते कशाला?

याचे उत्तर कंपनीच्या हावरेपणात शोधण्याआधी आपल्याच देशाच्या कॉपीराइट कायद्यात शोधावे लागते. १९५७ चा हा कायदा लिहिणाऱ्याला, गाणे बांधणाऱ्याला आणि चित्र काढणाऱ्याला काही हक्क देतो, आणि ते फक्त त्यालाच देतो. कलम १४ मध्ये ते मोजून सांगितले आहेत: प्रत काढणे, प्रती लोकांत वाटणे, जाहीरपणे सादर करणे, लोकांपर्यंत पोहोचवणे, भाषांतर करणे, रूपांतर करणे. यातले काहीही दुसऱ्या कुणी विनापरवाना केले, तर तो हक्कभंग होतो.

आता आपल्या विहारातल्या भीमगीतांच्या एका व्हिडिओचे काय होते ते पाहा. आपण तो मोबाइलवरून चढवतो. लगेच त्याची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर तयार होते. एक सर्व्हर बिघडला तरी व्हिडिओ जाऊ नये म्हणून आणखी प्रती निघतात. खेड्यात नेटवर्क कमी असते, म्हणून त्याच व्हिडिओची हलकी, मध्यम आणि भारी अशी वेगवेगळी रूपे तयार केली जातात. शोधताना दिसावे म्हणून त्यातून एक छोटे चित्र कापले जाते. पुण्याला नोकरीला गेलेला मुलगा आणि दुबईत असलेला भाचा तो व्हिडिओ पाहतात, तेव्हा तो तिथल्या लोकांपर्यंत ‘पोहोचवला’ जातो. लवकर उघडावा म्हणून मधल्या कंपन्यांच्या यंत्रांवरही त्याच्या प्रती ठेवाव्या लागतात.

म्हणजे आपण एक बटण दाबले, आणि कायद्याने फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेल्या बहुतेक गोष्टी कंपनीला कराव्या लागल्या. परवाना नसेल, तर आपण सांगितलेले काम केल्याबद्दलच आपण तिला कोर्टात खेचू शकू. जगभर परवाना लागतो, कारण पाहणारे जगभर आहेत. पोट-परवाना लागतो, कारण मधल्या यंत्रांचे मालक वेगळे आहेत. परवाना दुसऱ्याकडे सोपवता यावा लागतो, कारण कंपन्या विकल्या जातात. युट्यूब २००६ मध्ये गुगलने घेतले आणि इन्स्टाग्राम २०१२ मध्ये फेसबुकने. त्या दिवशी प्रत्येक वापरकर्त्याकडे पुन्हा सही मागायला जाता आले नसते. रूप बदलण्याची परवानगी लागते, कारण व्हिडिओ लहान-मोठा करणे हेही रूप बदलणेच आहे.

कुणी म्हणेल, एवढे लिहून कशाला घ्यायचे? लग्नपत्रिकेचा मजकूर प्रेसवाल्याला देतो, तेव्हा कुठे कागद करतो? खरे आहे. तिथे परवानगी न बोलता समजून घेतलेली असते, कारण माणूस समोर असतो आणि काम एकदाच असते. कोट्यवधी लोकांचा मजकूर वर्षानुवर्षे सांभाळणारी कंपनी ‘समजून घ्या’ यावर चालत नाही. शिवाय आपल्या कायद्याचे कलम ३० म्हणते की परवाना लेखी हवा. २०१२ च्या दुरुस्तीत सहीची अट निघाली, लेखी असण्याची अट राहिली. म्हणून तो लांबलचक मजकूर, आणि त्याखाली ‘मान्य आहे’चे बटण.

२०१२ च्या त्याच दुरुस्तीने कायद्यात एक सूटही आली. मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवताना तांत्रिक कारणाने क्षणभर साठवला गेला, तर तो हक्कभंग नाही. पण ही सूट क्षणिक आणि आनुषंगिक साठवणीपुरती आहे. २०१८ च्या जयंतीचा व्हिडिओ आज उघडला तरी दिसतो, त्याला क्षणिक म्हणता येत नाही. तिथे परवानाच हवा.

हा प्रश्न भारतात कोर्टातही गेला आहे. सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सिरीज या कंपनीने मायस्पेस या संकेतस्थळावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला होता, कारण वापरकर्ते तिची गाणी तिथे चढवत होते. २०११ मध्ये एक सदस्यीय पीठाने निकाल मायस्पेसच्या विरोधात दिला. वापरकर्त्यांकडून मजकुराचे रूप बदलण्याचा परवाना घेणे आणि त्यात जाहिराती घालणे, या गोष्टी तिथे मायस्पेसच्या अंगाशी आल्या. २०१६ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. यंत्राने आपोआप रूप बदलले, म्हणजे कंपनीला प्रत्येक गाण्याची माहिती होती असे धरता येत नाही, असा त्याचा सारांश. याचा अर्थ असा की परवाना मागितल्यानेही सेवा अडचणीत येऊ शकते आणि न मागितल्यानेही. म्हणून त्या परवाना मागतात आणि त्याच अटींमध्ये लिहून घेतात की, चढवलेला मजकूर तुमचा आहे किंवा तो चढवण्याचा हक्क तुम्हाला आहे.

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याकडेच यायचे आहे.

परवाना म्हणजे कोरा चेक नव्हे

परवान्याला मर्यादा असतात, याचे सर्वांत चांगले उदाहरण हैतीचे आहे. जानेवारी २०१० मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने विध्वंसाचे फोटो काढून ट्विटरवर टाकले. एएफपी या वृत्तसंस्थेने ते न विचारता उचलले आणि गेटी इमेजेसमार्फत विकले. कोर्टात एएफपीचा बचाव असा की, ट्विटरच्या अटींमध्ये परवाना आहे, म्हणजे फोटो सगळ्यांसाठी खुले आहेत. अमेरिकेतल्या कोर्टाने हे मानले नाही. परवाना ट्विटरला आणि त्याच्या सेवेसाठी होता, वृत्तसंस्थेला विकण्यासाठी नव्हता. २०१३ मध्ये ज्युरीने मोरेल यांना १२ लाख डॉलर भरपाई ठरवली. तेव्हा ‘फेसबुकवर होते म्हणून घेतले’ असे म्हणणाऱ्या पोर्टलवाल्यांना आणि पुस्तक छापणाऱ्यांनाही हे सांगता येते की, परवाना सेवेला दिला होता, तुम्हाला नाही.

लोक बोलले की अटी मागे घेतल्या जातात, हेही घडले आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने ‘मजकूर काढला की परवाना संपतो’ हे वाक्य अटींमधून गाळले. गदारोळ झाला आणि काही दिवसांत जुन्या अटी परत आल्या. डिसेंबर २०१२ मध्ये इन्स्टाग्रामच्या नव्या अटी वाचून लोकांना वाटले की आपले फोटो जाहिरातीत वापरले जातील. तिथेही कंपनीला ते शब्द मागे घ्यावे लागले. चिकटवलेल्या संदेशाने हे झाले नाही. अटी वाचून नेमक्या वाक्यावर बोट ठेवल्याने झाले.

गरज संपते आणि धंदा सुरू होतो ती जागा

मग सगळे ठीकच आहे का? नाही. व्हिडिओ दाखवण्यासाठी लागणारा परवाना वेगळा आणि व्यवसायासाठी घेतलेला परवाना वेगळा. युट्यूबच्या अटींमध्ये ‘सेवेसाठी’ याच्या पुढे ‘आणि व्यवसायासाठी’ असेही शब्द आहेत. आपल्या चॅनलला एक हजार सदस्य नसले, आपल्याला एक रुपया मिळत नसला, तरी आपल्या व्हिडिओवर जाहिरात लावण्याचा हक्क कंपनीने अटींमध्ये घेतला आहे. बुद्धवंदनेच्या आधी तंबाखूमुक्तीची जाहिरात येईल की कर्जाची, हे आपल्या हातात नाही.

त्याहून मोठा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेचा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरचा सार्वजनिक मजकूर आपली यंत्रे शिकवण्यासाठी वापरतो, हे मेटाने स्वतः सांगितले आहे. २०२५ मध्ये युरोपात हे सुरू करताना तिथल्या लोकांना हरकत नोंदवण्याचा अर्ज द्यावा लागला, कारण तिथले कायदे तसे आहेत. भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. परवान्याविना यंत्राला मजकूर शिकवता येतो का, हाच त्याचा मुद्दा आहे. आपल्या गायकाचा आवाज आणि चाल ऐकून उद्या यंत्राने ‘भीमगीत’ बनवले, तर त्याला कुणाचे गाणे म्हणायचे? व्हिडिओ साठवायला आणि दाखवायला दिलेल्या परवान्यात हे बसते का? आमच्या मते बसू नये, आणि आपल्या संघटनांनी ही मागणी सरकारकडे स्पष्ट शब्दांत केली पाहिजे. पण ती करताना आपले कागद स्वच्छ हवेत.

आणि मग आजोबांनी विचारले

दुसऱ्या रविवारी आमच्या बैठकीला तालुक्यातल्या एका गावचे जुने गायक आले होते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. तरुणपणी गायन पार्टी चालवायचे, कव्वालीचे मुकाबले गाजवायचे. त्यांची गाणी एका जाड वहीत त्यांच्याच हाताने लिहिलेली आहेत. आम्ही अटी वाचून दाखवत होतो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “माहं एक गाणं तुमच्या त्या चॅनलवर हाये म्हणते नातू. पाहू बरं.”

आम्ही लावले. आमच्याच एका तरुण गायकाने गायलेले. चौदा हजार लोकांनी पाहिलेले. खाली माहितीत लिहिले होते: गायक अमुक, शूटिंग तमुक, गीत – पारंपरिक.

आजोबा वहीचे पान उघडून बसले होते. त्याच्या वर तारीख होती आणि खाली त्यांची सही. ते म्हणाले, “कंपनीले काय दोस देता पोरहो? नाव तं तुमीच नाई लिवलं.”

विहारात कुणी बोलले नाही. चूक आमची होती. गाणे लहानपणापासून कानावर होते, कुणी बांधले हे कुणी विचारले नाही. ज्याचा कर्ता माहीत नाही ते ‘पारंपरिक’, असे लिहायची सवय पडली. कंपनीने विचारले होते, हे तुमचे आहे का? आम्ही न वाचताच ‘हो’ म्हटले होते. जो परवाना देण्याचा हक्क आम्हाला नव्हता, तो आम्ही जगभरासाठी देऊन टाकला होता.

आपल्या चळवळीतले किती कर्ते असे ‘पारंपरिक’ झाले असतील? शाळेत न गेलेल्या बायांनी बांधलेली गाणी, जलशांतली कवने, पालखांबाला टेकून रचलेली चाल. ज्या समाजाला नाव घेऊन बोलण्याचा हक्कच शतकानुशतके नाकारला गेला, त्या समाजाने आपल्या कवीचे नाव पुसणे ही साधी चूक नाही. आणि हे टाळता येते. गी प्वातवें आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर आहेत. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ओवी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असली, तरी ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव तिथे लिहिलेले असते. परंपरा आणि नाव एकत्र राहू शकतात.

कायद्याने कुणाचे काय?

त्या दिवसानंतर आम्ही कायदा पुन्हा काढला. आपल्या कार्यक्रमांना लागू पडते ते सोप्या शब्दांत असे.

गीताचे शब्द लिहिणाऱ्याचे. चाल बांधणाऱ्याची. वही हरवली, गाणे तोंडोतोंडी झाले, म्हणून हक्क जात नाही. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो वारसांकडे राहतो. लोककवी वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांच्या गीतांचा कॉपीराइट २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांचा २०२९ च्या अखेरीस संपेल.

गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा आपला वेगळा हक्क असतो. त्यांना न विचारता त्यांचे सादरीकरण टिपून पसरवता येत नाही.

पैसे देऊन केलेल्या शूटिंगचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे जयंती समितीने शूटिंगवाल्याला पैसे दिले असतील, तर चित्रण समितीचे. पण त्यात गायलेले गीत समितीचे होत नाही.

जाहीर भाषण करणाऱ्याचे असते. म्हणून भन्तेजींचे प्रवचन मोबाइलवर टिपले तरी त्याचा हक्क भन्तेजींचा, टिपणाऱ्याचा नाही. वर्षावासातली प्रवचने चढवण्याआधी त्यांना विचारणे हा आदराचा भाग आहेच, तो कायद्याचाही आहे.

त्रिसरण-पंचशील आणि पाली सुत्ते कुणाच्या मालकीची नाहीत. पण एखाद्या कंपनीने काढलेले त्यांचे ध्वनिमुद्रण त्या कंपनीचे असते. आपल्या कार्यक्रमात मागे ते वाजत असेल, तर युट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा तो आवाज ओळखते आणि व्हिडिओवर दावा येतो. ‘आमच्या वंदनेवर कंपनीने हक्क सांगितला’ अशी तक्रार आपण ऐकतो, ती बहुतेक वेळा इथून सुरू होते. धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत गाणे वाजवायला कायद्याने सूट दिली आहे. त्याच गाण्याचा व्हिडिओ कायमचा इंटरनेटवर ठेवायला ती सूट पुरेल, असे गृहीत धरू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कलम ५७. कर्त्याने सगळे हक्क विकले तरी ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड होऊन बदनामी होत असेल तर ती थांबवण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. त्याच्यामागे वारस तो बजावू शकतात. आजोबांनी त्या दिवशी मागितले ते हेच. पैशाचा विषय त्यांनी काढलाही नाही.

बाबासाहेबांच्या साहित्याबद्दल खूप विचारले जाते, म्हणून तेही सांगतो. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कॉपीराइट २०१६ च्या अखेरीस संपला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’चा २०१७ च्या अखेरीस. पण महापरिनिर्वाणानंतर प्रथम छापले गेलेले लेखन प्रकाशनाच्या वर्षापासून मोजले जाते. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र शासनाच्या चौथ्या खंडात १९८७ मध्ये प्रथम आले, त्याची मुदत २०४७ च्या अखेरीपर्यंत जाते. मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा. म्हणून कुठल्याही पुस्तकाची पीडीएफ चढवताना ‘बाबासाहेबांचे साहित्य सर्वांचे’ एवढे म्हणणे पुरत नाही. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, तिथला दुवा द्यावा.

दुसऱ्याचा छापखाना

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, कारण आपले म्हणणे दुसऱ्यांच्या पत्रांत येत नव्हते. पुढे बाबासाहेबांनी दादरला स्वतःचा छापखाना उभा केला, जो बुद्धभूषण प्रेस म्हणून ओळखला गेला. स्वतःचा छापखाना असला की छापायला दुसऱ्याला परवाना द्यावा लागत नाही. आज आपण जे काही चढवतो ते दुसऱ्याच्या छापखान्यात. तिथे काम द्यायचे तर कागद होणार, त्याची चीड करून उपयोग नाही. पण तो छापखाना आपले कपाट नाही, हेही विसरू नये. दादरची ती वास्तू जून २०१६ मध्ये पाडली गेली तेव्हा आपल्याला कळले की, आपली म्हटलेली जागाही जाऊ शकते. मग दुसऱ्याच्या सर्व्हरचा काय भरवसा? चॅनल बंद पडले, ज्याच्या ईमेलवर ते उघडले तो मुलगा नोकरीला गेला आणि पासवर्ड विसरला, की वीस वर्षांचे कार्यक्रम गेले.

आम्ही काय ठरवले

व्हिडिओ काढून टाकायचे नाहीत, असे ठरले. सूचना मांडणाऱ्या ज्येष्ठ उपासकांनीच हा ठराव मांडला. त्यासोबत काही नियम केले.

पहिला, ‘पारंपरिक’ हा शब्द लिहिण्याआधी गावातल्या किमान तीन जुन्या माणसांना विचारायचे. तरीही कर्ता सापडला नाही तर ‘कवी अज्ञात, माहिती असल्यास कळवा’ असे लिहायचे.

दुसरा, मराठीत एक पानाचे संमतीपत्र. गीतकार, गायक, वादक किंवा प्रवचनकाराचे नाव, कशासाठी परवानगी दिली, कुठे चढवणार, उत्पन्न आले तर कसे वाटायचे, आणि ‘काढून टाका’ म्हटले तर किती दिवसांत काढणार. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवायचे. कंपनीने आपल्याकडून घेतला त्याच्या आधी आपण आपल्या माणसाकडून परवाना घ्यायचा.

तिसरा, चॅनल एका व्यक्तीच्या नावावर न ठेवता तीन जणांकडे ठेवायचे, आणि मूळ चित्रण दोन हार्ड डिस्कवर दोन वेगळ्या घरी.

चौथा, क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा सर्वांना खुला परवाना द्यायचा असेल, तर कर्त्याला आधी नीट सांगायचे की, एकदा दिला की तो मागे घेता येत नाही. विकिपीडियावर लिहिताना किंवा फोटो देतानाही हेच लागू होते.

पाचवा, कंपनीने अटी बदलल्याची सूचना आली, की ती मराठीत करून पुढच्या रविवारी विहारात वाचायची. तोवर कुणी काही चिकटवायचे नाही.

आजोबांच्या गाण्याखालची माहिती त्याच संध्याकाळी बदलली. पहिले संमतीपत्रही त्यांचेच. त्यांनी ते दोनदा वाचून घेतले, उत्पन्नाच्या रकान्यात ‘विहारासाठी’ असे लिहायला लावले आणि सही केली. मग वही पुढे सरकवली. तिच्यात अजून एकसष्ट गाणी आहेत. त्यातली बरीचशी कुणीच टिपलेली नाहीत. त्यांचा आवाज आता थकला आहे, म्हणून हे काम येत्या पावसाळ्याआधी संपवायचे आहे. तुमच्या गावात अशी वही असेल, तर मोबाइल काढण्याआधी तिचे पहिले पान उघडा आणि नाव वाचा.